कॉन्व्हेंटच्या फाटकाशी थांबणाऱ्या आया

आपल्या वऱ्हाडात 'कॉन्व्हेंट' या शब्दाची काय गंमत झाली आहे, बघा. मूळ अर्थ मठ. ख्रिस्ती संन्यासिनींचा, म्हणजे आपण ज्यांना सिस्टर म्हणतो त्यांचा मठ. त्या मठाला लागून सिस्टरांनी शाळा काढली, म्हणून ती कॉन्व्हेंट स्कूल. पण आपल्याकडे गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, भिंतीवर मिकी माऊस काढला, की झाली कॉन्व्हेंट! पाटीवर आधी कुठल्याही देवाचं, संताचं नाहीतर नेत्याचं नाव आणि पुढे 'कॉन्व्हेंट'. "पोट्टीले कॉन्व्हेंटात टाकलं" याचा अर्थ इतकाच, की पोरीला इंग्रजी बालवाडीत घातलं. त्यात ना सिस्टर, ना मठ, ना घंटा.

शब्द असा घरोघर पोचला, यातच त्या मूळ शाळांबद्दल लोकांना वाटणारं आकर्षण कळतं. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० सालची. वऱ्हाडासाठी अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला तो १९५५ मध्ये. अमरावतीत होलिक्रॉसचं नाव घेतलं की अजूनही बायका "हो का? ॲडमिशन मिळाली?" असं विचारतात. वलगाव तसं अमरावतीपासून दहाएक किलोमीटरवर. परतवाडा रोडवर सकाळी उभं राहिलं की व्हॅन आणि ऑटो भरभरून शहराकडे जाताना दिसतात. टाय लावलेली, डोळ्यांत झोप असलेली लेकरं. त्यांच्यासाठी घराघरांत कुणीतरी पहाटे पाचला उठून डबा केलेला असतो. ते 'कुणीतरी' कोण, हे या पुरवणीच्या वाचकांना सांगायला नको!

आता या आईला विचारा, बाई गं, एवढा आटापिटा कशासाठी? उत्तर एकच. "बाकी काही नाही व, पोट्टीले इंग्रजी आलं पायजे." ह्या उत्तरात चूक काही नाही. पण मला नेहमी वाटतं, की चांगल्या कॅथलिक शाळेत जी गोष्ट खरी घेण्यासारखी आहे, ती इंग्रजी नव्हे. इंग्रजी आता मोबाइलवरही शिकता येतं. घेण्यासारखं आहे ते तिथलं एकत्र जगणं.

म्हणजे काय? सकाळची असेंब्ली घ्या. हजारभर मुलं रांगेत उभी. रोज वेगळ्या वर्गाची पाळी. एकीने बातम्या वाचायच्या, एकीने सुविचार सांगायचा, दोघींनी माइक धरायचा. जी पोरगी घरी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, ती तिसरीत असताना हजार जणांसमोर दोन ओळी बोलून जाते. मग हाऊस आले. लाल, निळा, हिरवा, पिवळा. सगळ्या वर्गांतली मुलं वाटून दिलेली, त्यामुळे पाचवीतली आणि दहावीतली एका हाऊसमध्ये. दहावीची ताई पाचवीच्या पोरीची रिबन बांधून देते, तिला मार्चपास्टमध्ये डावा-उजवा पाय शिकवते. स्पोर्ट्स डे, सायन्स एक्झिबिशन, फन फेअर, गॅदरिंग. हॉलमधल्या खुर्च्या मुलांनीच लावायच्या, कार्यक्रम संपल्यावर उचलायच्याही त्यांनीच. डॉक्टरच्या मुलीनेही आणि किराणा दुकानदाराच्या मुलीनेही. अनेक शाळांत सणाच्या आधी घराघरांतून मूठमूठ धान्य, जुने स्वेटर गोळा होतात आणि मुलंच ते वृद्धाश्रमात नाहीतर वस्तीत नेऊन देतात. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षण. म्हणजे कोण कोणत्या धर्माचं ते लपवलेलं नसतं, पण तास संपला की डबा एकाच बाकावर उघडतो. थालीपीठ, ऑम्लेट, साबुदाण्याची उसळ... आणि सगळ्यांचे हात सगळ्यांच्या डब्यात.

हे सगळं इतर शाळांतही होतं की, असं तुम्ही म्हणाल. होतं! डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये उभारलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळांनी गावोगावच्या पोरांना हेच दिलं. पण सिस्टरांच्या शाळेत हे काम करणारं माणूस शाळेतच राहतं, हा फरक आहे. त्यांना संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावायचा नसतो. शाळा हेच त्यांचं घर. म्हणून शिस्तही जास्त आणि कधीकधी जाचही जास्त. नखं, केस, बूट, मोजे... आणि इंग्रजी शाळांत सर्रास ऐकू येणारी ती गोष्ट, मराठी बोललं की शिक्षा. ती कुठल्याही शाळेत असो, वाईटच. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. पण तासाला मराठी आणि मैदानावर मराठीला बंदी, हा काय न्याय झाला? आणि कॅथलिक म्हणजे इंग्रजी हे तरी कुठे खरं आहे? वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचं संपादन वर्षानुवर्षं मराठीतच केलं आणि जानेवारी २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. चर्च आणि मराठी यांचं वैर नाहीच मुळी. ते आपण पालकांनी लावलंय.

आता डिसेंबरकडे येते, कारण या शाळांचं सगळं एकत्र जगणं डिसेंबरात पणाला लागतं.

वलगावला डिसेंबर म्हणजे आधी गाडगेबाबा. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला. त्याआधी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले होते. आयुष्यभर बाबा एकच सांगत फिरले : भांडी विका, हातावर भाकरी खा, पण लेकरांना शाळेत घाला. आणि पुण्यतिथीनंतर पाचच दिवसांनी नाताळ. शाळेत गोठ्याचा देखावा, गव्हाणीत बाळ, कागदाच्या चांदण्या, कॅरल्स. त्या देखाव्यातल्या मेंढपाळाचं काम करणारा पोरगा ख्रिस्तीच असतो असं नाही. मरियेचं काम कुणाला मिळतं यावरून पोरींमध्ये जे रुसवेफुगवे होतात, त्यात धर्म कुठेच नसतो. केस लांब कुणाचे, एवढाच निकष!

पण गेल्या काही वर्षांत या साध्या गोष्टीला वेगळंच वळण लागलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, शाजापूर जिल्ह्यात, डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने फतवा काढला, की मुलांना सांताक्लॉज करायचं असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसामात एका संघटनेने ख्रिस्ती शाळांना इशारा दिला, की क्रॉस आणि मूर्ती काढा, सिस्टरांनी झगा घालून वर्गावर येऊ नये. एप्रिल २०२४ मध्ये तेलंगणातल्या मंचेरियल जिल्ह्यात, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, काही मुलं हनुमान दीक्षेच्या भगव्या वेशात शाळेत आली. त्यांना हटकल्याच्या आरोपावरून जमावाने शाळेची तोडफोड केली आणि गुन्हा मात्र शाळेच्या व्यवस्थापनावर नोंदला गेला.

यातली पहिली गोष्ट घ्या. परवानगी मागण्यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. आईला विचारलंच पाहिजे, हे मलाही मान्य. पण मग सगळ्याच गोष्टींना विचारा ना! सरस्वतीपूजनाला, ईदच्या नाटुकल्याला, भीमजयंतीच्या भाषणालाही. एकाच सणाला परवानगीचा कागद लागला, की मुलांना कळतं, या सणात काहीतरी भानगड आहे. आठ वर्षांच्या पोरीला ते फार लवकर कळतं. ती मग गव्हाणीशेजारी उभी राहणाऱ्या मैत्रिणीकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागते.

याच वातावरणात एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका. रोजच्या असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणा. शाळेत सर्व धर्मांसाठी एक प्रार्थनागृह ठेवा. काही जणांनी म्हटलं, हे भीतीपोटी केलं. असेलही! घाबरलेला माणूसही कधीकधी शहाणपणाचं बोलतो. महाराष्ट्रातल्या शाळांना तर २६ जानेवारी २०२० पासूनच उद्देशिका वाचनाचा आदेश आहे. आणि तुम्ही कधी लहान मुलांच्या तोंडून ती ऐकली आहे का? 'सार्वभौम समाजवादी'ला जीभ अडखळते, पण 'बंधुता' शब्द मात्र सगळी एका दमात, जोरात म्हणतात.

माझं म्हणणं असं, की बाहेरच्यांच्या धाकाने शाळेने सण आवरते घेऊ नयेत, वाढवावेत. वलगावच्या मुलांना २० तारखेला हातात झाडू देऊन पेढीच्या काठी न्या आणि २५ च्या आधी गव्हाणी सजवा. एकाच आठवड्यातले दोन कार्यक्रम. एक रस्ते झाडणारा, एक गोठ्यात जन्मलेला. यात कुणाचा धर्म बुडेल, ते मला सांगा.

आता जरा अवघड भाग. हे एकत्र जगणं म्हणते आहे मी, पण त्या 'एकत्र'मध्ये आहे कोण?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या. आपल्याकडे दरवर्षी त्याची ऑनलाइन सोडत निघते, ती हीच. पण ही सोडत अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या आणि ६ मे २०१४ च्या 'प्रमती' निकालात पाच न्यायमूर्तींनी अनुदानित-विनाअनुदानित सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर काढल्या. कारण घटनेचं कलम ३०. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क.

हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. वर ज्या घटना सांगितल्या त्या वाचल्यावर तर जास्तच. जमाव दगड घेऊन फाटकावर येतो, तेव्हा कलम ३० हीच त्या शाळेची भिंत असते. पण राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा २०२१ चा अहवाल काय सांगतो? ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतली ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुलं अवघी ८.७६ टक्के. आयोगाचा सूर अनेकांना पक्षपाती वाटला, तो वाद बाजूला ठेवू. पण आपल्याच गावाकडे बघा ना. वलगावहून व्हॅनमध्ये बसते ती कुणाची मुलगी? शिक्षकाची, व्यापाऱ्याची, आठ-दहा एकर ओलिताच्या शेतकऱ्याची. आणि त्याच व्हॅनमागची धूळ खात कापूस वेचायला निघालेल्या बाईची मुलगी? तिच्यासाठी सोडतीची चिठ्ठी या फाटकापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे ७४ टक्क्यांना फी परवडते म्हणून आत घेतलं आणि जिला परवडत नाही तिला हक्क आडवा आला. सिस्टर या देशात आल्या त्या कुणासाठी? हा प्रश्न मी विचारते आहे तो टीका म्हणून नाही. त्यांच्याच दवाखान्यांनी, वसतिगृहांनी गरिबातल्या गरिबाला जवळ केलेलं आपण पाहिलंय, म्हणून विचारते.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 'प्रमती' निकालाबद्दलच शंका घेतली आणि तो मोठ्या पीठापुढे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. तो खटला आपल्या महाराष्ट्रातून गेलेला होता. अल्पसंख्याक शाळांना सरसकट सूट दिल्याने समान शिक्षणाच्या कल्पनेला तडा जातो, असा पीठाचा रोख. वकील मंडळी काय ते लढतील. मला भीती वेगळीच आहे. सरकारने जबरदस्तीने दार उघडलं तर पाठोपाठ बाकीचंही येणार. आज प्रवेश कुणाला द्यायचा हे सांगतील, उद्या असेंब्लीत काय म्हणायचं हे सांगतील. आणि शिक्षण हक्काच्या मुलांच्या फीचे पैसे सरकार वेळेवर देत नाही, ही खाजगी शाळांची जुनी रड आहे, ती काही खोटी नाही. गरीब मुलगी आत आली आणि तिचे पैसे आलेच नाहीत, तर रुसवा कुणावर निघतो? तिच्यावरच. मागच्या बाकावर बसवतात तिला.

म्हणून शाळांनी कोर्टाची वाट न पाहता स्वतःच पाऊल उचलावं, असं मला मनापासून वाटतं. कायदा लागू नाही ना? मग कायद्याच्या सक्तीशिवाय करा. प्रत्येक वर्गात पाच जागा आसपासच्या गावांतल्या शेतमजुरांच्या, विटाभट्टीवरच्या, एकट्या आयांच्या मुलींसाठी. व्हॅनचं भाडंही त्यातच, कारण फी माफ झाली तरी गरीब मुलगी अडते ती भाड्याला. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पहिलीतल्या चिमुरडीला एकटीला एसटीत कोण बसवणार? असं केलं तर कलम ३० ची भिंत कुणी पाडू म्हणेल, तेव्हा ती सावरायला गावच उभं राहील. आज उभं राहील का? खरं सांगा.

आणि आता आपल्याबद्दल, मैत्रिणींनो. आपण आया या शाळांच्या फाटकाशी थांबतो. अक्षरशः! स्कूटी लावायची, पोरीची बॅग काढायची, वॉचमन फाटक लावतो, आपण घरी. वर्षातून तीन-चारदा पेरेंट्स मीटिंग, तिथे रांगेत उभं राहून मार्क बघायचे, "शी इज व्हेरी टॉकेटिव्ह" ऐकून यायचं. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून कितीतरी जणी नवऱ्यालाच पाठवतात. त्याला मुलीच्या वर्गाची तुकडीसुद्धा माहीत नसते, पण तो जातो!

वास्तविक कायद्याने आपल्याला आत खुर्ची दिलेली आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती लागते. दर इयत्तेतून एक पालक, तोही इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून. आणि समितीत निम्म्या बायका हव्यात. फी वाढवायची तर या समितीपुढे यावं लागतं. दुसरी सखी सावित्री समिती. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी. तिच्यात महिला पालक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका आणि मुलामुलींचेही प्रतिनिधी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं ते भयंकर प्रकरण घडलं, तेव्हा कुठे सगळ्यांना या समितीची आठवण झाली. तोवर ती किती ठिकाणी नुसती कागदावर होती, हे आपण जाणतोच. सिस्टरांची शाळा म्हणून मुली सुरक्षितच, असं गृहीत धरून आपण निर्धास्त राहतो. विश्वास असावा, पण सिस्टर काही व्हॅनमध्ये बसून वलगावपर्यंत येत नाहीत. व्हॅनचा ड्रायव्हर कोण, तो सगळ्यात शेवटी कुणाला सोडतो, सीटपेक्षा किती जास्त मुलं कोंबतो, हे विचारायचं कुणी? समितीत बसलेल्या बाईनेच.

एका मैत्रिणीला म्हटलं, तू भर ना फॉर्म. म्हणाली, "मले काय येते तिथं बोलता?" अगं, ज्या शाळेत तुझी तिसरीतली पोर हजार जणांसमोर माइक धरते, तिथे तू मराठीत दोन वाक्यं नाही बोलू शकत? सिस्टरलाही मराठी येतं. केरळातून, मंगलोरहून, गोव्याहून आलेल्या त्या बाईने वऱ्हाडात राहून 'पायजे' आणि 'काहून' कधीच आत्मसात केलेलं असतं!

तिथे गेल्यावर विचारायचं काय, तर फीच्या आकड्याबरोबर हेही विचारावं : गॅदरिंगच्या ड्रेसचा खर्च सगळ्यांना झेपेल असा का नाही? भाड्याचे झगमगीत कपडे एका तासासाठी कशाला? घरच्या साडीवर नाच होत नाही का? पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवा, असा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे, मग वलगावची पोर सहाला अंधारात का निघते? मजुराच्या मुलीसाठी जागा किती? आणि डिसेंबरमध्ये पेढीच्या पुलाकडे शाळा जाणार का?

पालक-शिक्षक संघाचा तो फॉर्म शाळा सुरू झाली की पहिल्या काही दिवसांतच दप्तरातून येतो. पिवळा नाहीतर गुलाबी कागद, डायरीच्या पानांत दुमडलेला. बहुतेक घरांत तो डब्याच्या तेलाने डागाळतो आणि मग कुणीतरी वडिलांच्या नावापुढे सही करून 'इच्छुक नाही'वर टिक करतं. यंदा तो डायरीतून काढून घ्या आणि स्वतःचं नाव लिहा.